तमाची वही

मला सर्वांत जास्त चीड येते ती त्या दोनशेपानी वहीची. जाळून टाकावी असं कितीदा मनात आलं. जाळली नाही, कारण जाळणं फार सोपं आहे.

धामणगाव बढेच्या शाळेत मी मास्तर. तीन वर्षांपूर्वी मंदिराच्या सभामंडपात पहाटेचा योगवर्ग सुरू झाला आणि आम्ही दहा-बारा शिकलेली माणसं चटया घेऊन हजर झालो. शिकवणारे गुरुजी भले होते. सत्त्व, रज, तम हे तिन्ही गुण प्रत्येकात असतात, क्षणाक्षणाला कमी-जास्त होतात, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. तम म्हणजे नुसता आळस नव्हे, समोरचं दिसू न देणारं झाकण. सत्त्वाचाही अहंकार होतो, तोही बांधतो. मी मान डोलावली. मग ते म्हणाले, एक वही करा आणि आपल्यात आज कोणता गुण वर आला ते रोज लिहा.

‘आपल्यात’. आमच्याकडे आपल्यात म्हणजे आपल्या घरात, आपल्या माणसांत. गुरुजींना स्वतःत म्हणायचं होतं हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. सोयीचा अर्थ उचलला आणि घरात बायकोची हजेरी मांडली.

आठवड्याभरात सारा वर्ग तेच करू लागला. कोणाची सासू तामसी, कोणाचा भाऊ राजसी. दुसऱ्याची कुसळं मोजायला बसलो होतो, डोळ्यांत मुसळं घेऊन! आता संताप येतो. तेव्हा मीही त्यांच्यात हसत होतो.

सात्त्विक व्हायचं म्हणून कांदा-लसूण सोडला. सोडला मी, राबली बायको. माझी भाजी वेगळी, पोरींची आणि बाबांची वेगळी. शिळं अन्न तामसी, म्हणून रात्रीच्या भाकरीला मी हात लावेना. टाकायची कशी, म्हणून ती खायची. पूर्वी त्याच भाकरी कुस्करून ती कांदा घालून फोडणीचे कुटके करायची आणि मी दोनदा मागून घ्यायचो.

पावसाळ्यात तिला सकाळी उठवेनासं झालं.

“अंगात जीवच नाही राह्यला,” ती म्हणायची.

“तमोगुण वाढून राह्यला तुह्यात,” मी सांगायचो. “पहाटे उठत जाय, प्राणायाम कर.”

आणि वहीत लिहायचो. उठायला उशीर : तम. पाण्याची कळशी अर्ध्या वाटेत ठेवून बसली : तम. भाजी निवडता निवडता डोळा लागला : तम. पुढे तारीख, खाली लाल शाईची रेघ. मास्तरच ना मी!

दिवाळीच्या तोंडावर ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. बुलढाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. अंगात निम्मंही रक्त उरलं नव्हतं.

“थकवा कधीपासून आहे? दम कधीपासून लागतो?” बाईंनी विचारलं.

तिला नीट सांगता येईना. मला येत होतं. तारीखवार येत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही, कारण कसं ठाऊक हे बाईंनी विचारलं असतं. त्या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही.

दोन बाटल्या रक्त चढवून तिला घरी आणलं. ती खाटेवर टेकून बसली होती, तेव्हा मी ती वही तिच्या पुढ्यात ठेवली. माफी मागायची होती, पण मास्तरांच्या जिभेला ती सवय नसते. तिनं सावकाश पानं उलटली. चिडेल, रडेल, वही तोंडावर फेकेल असं मला वाटत होतं. फेकली असती तर बरं झालं असतं.

“दुखणं बरोबर लिहेल आहे,” ती म्हणाली. “तारखा बी बरोबर.”

मग ती पुन्हा पहिल्या पानावर आली.

“पण हे तं सारं माह्यंच आहे. याच्यात तुमचं पान कोणतं?”

मी वही हातात घेतली आणि शेवटपर्यंत उलटून पाहिली.