हौसाचं फाटक

पेणला पहिली गाडी आली त्या दिवशी हौसा आमच्या दारी वाल विकायला आली होती. मी तिच्या हातावर पेढा ठेवायला गेले. तिनं हात मागे घेतला.

"रेल्वेचा असंल तर नको."

हौसाचं घर गडबच्या पुढे, तळ्याच्या काठावर. नवरा लवकर गेला. भाताचं शेत तळ्यापलीकडे, आणि त्या शेतावर धाकटा दीर हैबतराव याचा पहिल्यापासून डोळा. आपट्यापासून पुढे रूळ टाकायचं ठरलं, तेव्हा मातीचा भराव नेमका घर आणि शेत यांच्यामधून निघाला. त्यावर बैलगाडी चढेना. फाटक झालं नाही तर प्रत्येक खेपेला गडबपर्यंत वळसा पडणार होता, आणि बाईमाणसानं एकटीनं ते किती दिवस करायचं? हैबतराव तेवढ्याचीच वाट पाहत होता.

रेल्वेच्या साहेबानं सांगितलं, फाटक एकच मिळेल, जिथं रहदारी दिसेल तिथं. हैबतरावानं त्याला पालखीच्या दिवशी बोलावलं.

गावदेवीची पालखी चैत्रात निघते. वर्षानुवर्षं ती हौसाच्या गाडीवाटेनंच जायची. पालखीचा मान हैबतरावाकडे. त्या वर्षी त्यानं ती आपल्या दुकानावरून वळवली. हौसा ओटीचं ताट घेऊन वाटेवर उभी राहिली. ढोल तळ्याच्या दुसऱ्या काठानं गेले.

हैबतराव भरावावर साहेबाशेजारी उभा होता. तिथूनच ओरडला, "वहिनी, देवीला तुझी वाट नको झाली गो."

"देवी बोलत नाय, भावजी. तिच्या नावानं तुमी बोलता."

चारचौघं हसली. हौसा घरात गेली, ताट ठेवलं आणि गोठ्यातून बैल काढले.

पालखीच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्या दिवशी बैल देवीचे. हौसाला हे कुणी सांगायला नको होतं. तिनं शेणखतानं भरलेली गाडी जुंपली आणि अर्धवट भरावाच्या पायथ्याशी नेऊन उभी केली. ढोल थांबले.

"हौसा, बैल सोड," हैबतराव म्हणाला. "गावाला बाधा होईल."

"व्हय. माझ्या शेताला झाली तेव्हा गाव कुठं होता?"

साहेब बाहेरगावचा. जू आणि देवीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं एवढंच पाहिलं, की दुकानाकडे सगळी पायी माणसं, आणि गाडी फक्त इथं. खाली उतरून त्यानं वाटेवरची खोल चाकोरी पाहिली. दुकानापाशी पायऱ्या झाल्या, हौसाच्या वाटेवर फाटक.

गाव ते विसरलं नाही. पालखी पुन्हा त्या वाटेनं आली नाही. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही, नि लावणीला तिच्या शेतात गावातली एक बाई उतरली नाही. ती वाडीवरच्या पारीला आणि भागीला मजुरीनं घेऊन चिखलात उभी राहायची. हे सगळं तिनं मला वाल मोजता मोजता सांगितलं, आवाज न चढवता.

हैबतरावाचंही एक शेत भरावापलीकडे होतं. पायऱ्यांवरून गाडी जात नाही. मी एकदा तिच्या ओट्यावर बसले असताना फाटक बंद होतं, आणि त्याची भाऱ्यांनी भरलेली गाडी उन्हात खोळंबली होती. हौसा उठली. बादली भरून बैलांपुढे ठेवली.

हैबतरावानं घसा खाकरला. "वहिनी, घोटभर पाणी—"

"तळं हाय की," ती म्हणाली, आणि बैल पिऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली.