गाण्याआधीचा चहा

आख्ख्या वऱ्हाडात बाजार कानानं ओळखणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्याच पोरीचा सासरा निघाला. इवाई अकोल्याच्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. मी चौथी शिकलेला, शेतीतला माणूस. पण कोणी काही सांगितलं की लगेच मान डोलवणं माझ्या रक्तात नाही. इवाई सांगायचे, "कापसाले भाव होता ना, तवा गान्याआधीचं म्युझिक लांबलचक राहे. लोकाइच्या खिशात पैसा, अंगात फुरसत. बोल सुरू होईपर्यंत कपभर चहा व्हायचा." नवं गाणं आलं की कप भरून बसायचे आणि उरलेला चहा दाखवून मंदी जाहीर करायचे. एकदा म्हणाले, "म्युझिक वाढलं, तूर इकू नका." मी हट्टानं विकली. पुढच्याच हप्त्यात भाव चढला. तो योगायोग होता, हे मी आजही म्हणतो.

अलीकडे त्यांचा कप भरलेलाच राहायला लागला. "पैले लोक कॅसेट इकत घेत. आता गानं मोबाइलवर फुकट. ऐकनारा थांबला तरच बनवनाऱ्याले पैसा. म्युझिक लांबलं का अंगठा सरकला! म्हून पैल्या झटक्यातच बोल." दुःख असं, की बँडमध्ये त्यांच्या वाट्याला ती सुरुवातच तेवढी होती. मालकानं सांगून टाकलं, "काका, गान्याले सुरुवातच नाही, तुमाले उभं कुठं करू? एवढं लग्न वाजवा, मंग आराम करा."

ते लग्न आमच्या दोघांच्या नातीचं, मोर्शीला. मांडवात यायला तिनं नवंकोरं गाणं निवडलेलं, पहिल्या सुरापासून बोल. गायकानं माईक तोंडाशी नेला आणि भावांनी नातीच्या डोक्यावर धरलेली फुलांची चादर दारातल्या लाइटच्या माळेत अडकली. मालक घाबरून हातानं थांब थांब करू लागला. तेवढ्यात इवायांनी क्लॅरनेट उचललं आणि त्या गाण्याला नसलेली सुरुवात लावली. चादर सुटेपर्यंत वाजवली, नातीच्या पावलापावलानं वाजवली. ती बोहल्याशी पोचली आणि बोल बरोबर तिथं सुरू झाले. मांडवात एकाचाही अंगठा हलला नाही.

पंगतीत मालक वाकून म्हणाला, "काका, पुढच्या सीझनले तुमी पाह्यजेच." माझा जीव भांड्यात पडला. वरून मात्र म्हणालो, "इवाई, जरा लांबलंच."

"मंग तेजी येते, पाहा!"

तेजी काही आली नाही. इवाई येतात, माझ्या ओट्यावर बसून वाजवतात. माझा चहा केव्हाच संपतो, बोल काही येत नाहीत. मी रिकामा कप तोंडाला लावत बसतो. संपलाय, हे त्यांना दिसू देत नाही.