तुमचा फोटो झाला

बाबा मंगळवारी गेले. गुरुवारी मेट्रोच्या जिन्याशी त्यांचा फ्लेक्स लागला. तो आम्ही लावलेला नव्हता.

वर साहेबांचा चेहरा. हात जोडलेले, मनगटात सोन्याचं कडं. साहेब म्हणजे आमच्या प्रभागातून निवडून येऊ पाहणारे गृहस्थ. त्यांच्या कोपराखाली, त्यांच्या पावपट आकाराचे बाबा. भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली शोकाकुल कार्यकर्त्यांची रांग. त्यातले दोघे शोकातही गॉगल घालून होते.

फ्लेक्सवर बाबा हसत होते. डोक्यावर साहेबांचं नाव छापलेली टोपी होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या माणसानं जन्मात टोपी घातली न्हाई."

एकदा घातली होती. तो फोटो त्याच दिवसाचा.

बाबा चाकणच्या एका कारखान्यात ओतकामाला होते. कंपनीच्या बसमध्ये डावीकडची तिसरी खिडकी त्यांची. तशी कोणी ठरवून दिली नव्हती. पण बाबा रजेवर असले तरी तिथे कोणी बसत नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांना सांगायचे. तेवढीच एक गोष्ट ते बढाईने सांगत. निवृत्त झाल्यावर ते आमच्या वस्तीतल्या घराच्या गच्चीवर बसून मेट्रोचे खांब उभे राहताना पाहायचे. मेट्रो धावू लागली तरी बसले मात्र नाहीत. "काम नसताना कशाला फिरायचं?" म्हणायचे.

मग साहेबांनी 'ज्येष्ठांसाठी मेट्रो सफर' काढली. बोलवायला सागर आला. सागर आमच्याच गल्लीतला, आता साहेबांचा कार्यकर्ता. "काका, तुम्ही पाहिजेच. वस्तीतली माणसं पुढं असली की बरं दिसतं." बाबांना त्यातलं फक्त 'तुम्ही पाहिजेच' ऐकू आलं. शर्टाला त्यांनी स्वतः इस्त्री केली. गुडघा दुखायचा, म्हणून मी सोबत गेले.

संत तुकारामनगरला गाडीत चढलो. सागरने बाबांना ज्येष्ठांसाठी राखलेल्या जागेवर बसवलं. वर काठी घेतलेल्या म्हाताऱ्याचं चित्र. सागरने बाबांच्या डोक्यावर टोपी ठेवली. फोटोवाला म्हणाला, "काका, मान वळवून बाहेर बघा. हसा. नातीचं लग्न ठरल्यासारखं हसा."

बाबा खरोखर हसले. स्टेशन सुटताच काचेतून त्यांना आमची गच्ची दिसली होती. दोरीवर त्यांचीच लुंगी वाळत होती.

पुढच्या स्टेशनावर साहेबांचे खरे पाहुणे चढले. सोसायट्यांचे चेअरमन, डॉक्टर, त्यांच्या बायका. सागर बाबांपाशी वाकला.

"काका, उठा. तुमचा फोटो झाला."

मी म्हटलं, "ही जागा ज्येष्ठांची आहे." बाबांनी माझं मनगट दाबलं आणि ते उठले. पाहुण्यांतल्या एका बाईंनी पर्समधून ओला टिश्यू काढला. बाबा बसले होते ती जागा पुसली. कडेपर्यंत पुसली. मग बसल्या. वयाने त्या माझ्याएवढ्या असतील.

कासारवाडीला सागर म्हणाला, "पुढचा कार्यक्रम निमंत्रितांचा आहे. इथून परत जा सगळे." वस्तीतले सगळे म्हातारे उतरले. दारं लागली. गाडी गेली. बाहेर पडायच्या फाटकाशी आल्यावर कळलं, सगळ्यांचं मिळून एकच तिकीट होतं आणि ते सागरच्या खिशातून पुण्याला गेलं होतं. फाटक उघडेना. मागे माणसं खोळंबली. "फुकट फिरतात राव," कोणीतरी म्हणालं.

गार्ड आला. "तिकीट नाही? मग चढलात कसे?"

बाबा म्हणाले, "चढवलं."

गार्डने बाजूचं फाटक उघडलं. आम्ही चालत घरी आलो. दुखऱ्या गुडघ्याने बाबा मध्ये मध्ये थांबत होते. घरी आल्यावर त्यांनी शर्ट काढला आणि आईसमोर धरला. "बघ गं, पाठीला काही लागलंय का? मला तर घामही नव्हता. ए.सी. होता."

आईने शर्ट उजेडात नेऊन पाहिला. स्वच्छ होता.

पुन्हा त्यांनी मेट्रोचं नाव काढलं नाही. गच्चीवर बसत, पण पाठ खांबांकडे करून.

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. माणसाच्या प्रतिष्ठेवरची बरीच पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. साहेबही एकदा तिथे प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. पुस्तकांपुढे उभं राहून फोटो काढला आणि गेले. साहेबांचा मला राग येत नाही. रागाला समोर माणूस लागतो. इथे नुसता जोडलेल्या हातांचा फोटो आहे, त्याच्या मागे काही नाही.

त्या गुरुवारी भर दुपारी मी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन जिन्याशी गेले आणि फ्लेक्सच्या सुतळ्या कापू लागले. जिन्यावरून उतरणारे एक गृहस्थ थांबले. खांद्याला लॅपटॉपची बॅग. "महापालिकेच्या का तुम्ही? बरं करताय. तो पलीकडचाही काढा, फार घाण दिसतं."

पलीकडचा फ्लेक्स त्यांच्याच सोसायटीने साहेबांच्या वाढदिवसाचा लावला होता. म्हटलं, "तो तुमचा आहे. तुम्ही काढा." ते घड्याळ बघत निघून गेले.

मग सागर मोटरसायकलवरून आला.

"ताई, काय करताय? साहेबांचा फोटो आहे त्यावर."

"म्हणूनच."

"अहो, काकांसाठीच लावलाय ना. एवढ्या मोठ्या माणसाबरोबर आलेत काका. रविवारी काकांच्या जलदान विधीला साहेब स्वतः येणारेत. दोन शब्द बोलणारेत."

"त्यांना सांग, येऊ नका."

"असं कसं सांगू मी?"

"बाबांना सांगितलंस तसं. वाकून, हळू आवाजात. उठा, तुमचा फोटो झाला."

सागरने गाडी बंद केली. म्हणाला, "वस्तीत राहायचंय ना, ताई?"

"राहायचंय. म्हणून तर काढतेय."

शेवटची सुतळी वर होती. माझा हात पोचेना. मी बांबूवर पाय ठेवून चढले. सागर बघत राहिला. फ्लेक्स खाली आला तो साहेबांच्या बाजूने.

घरी आईने कात्री घेतली. आधी बाबांना वेगळं केलं. मग टोपी तेवढी कापता येते का ते पाहिलं. टोपीबरोबर कपाळ जात होतं. तिने बाबांचा तुकडा टोपीसकट घडी करून माझ्या हातात दिला. "हे त्येंचं न्हाई," म्हणाली. रविवारी आम्ही कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला. त्यात बाबा हसत नाहीत. साहेब आले नाहीत.

साहेबांचा तुकडा मोठा होता आणि जाड होता. आई काही वाया घालवत नाही. तिने तो गच्चीवर पसरला आणि वर मिरच्या वाळत घातल्या. छापील बाजू वर ठेवली. मी विचारलं, तर म्हणाली, "वरनं गाड्या जातेत. दिसू दे."

आता पुन्हा निवडणूक आली आहे. परवा सागर दारात उभा होता. आत आला नाही.

"ताई, गच्चीवरचं ते उलटं तरी टाका. साहेबांना गाडीतून दिसलं."

"साहेब मेट्रोने जातात?"

"फोटोपुरते बसले होते."

मी सांगितलं, उलटं होणार नाही. आणि आमच्या घरातलं कोणी, जिवंत असो की मेलेलं, तुमच्या बांबूवर चढणार नाही. तो गेला. जिन्याशी दुसऱ्या कोणाचा तरी बाप लागला आहे.

आई आणि मी मेट्रोने जातो. आपापलं तिकीट आपापल्या मुठीत. आई त्या काठीवाल्या चित्राखाली बसते आणि तिचं स्टेशन येईपर्यंत उठत नाही. संत तुकारामनगर सुटलं की काचेतून आमची गच्ची दिसते. दोरीवर लुंगी नाही. खाली साहेब आहेत, हात जोडलेले, मिरच्यांखाली.