बाणाचा फोल्डर

ड्रॉवर आवरताना निळा पेनड्राइव्ह हाती लागला आणि शांती नगरमधला तो कॉम्प्युटर क्लास आठवला, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसीचा गारठा आणि कॉलेजच्या मुलामुलींत पन्नाशीची मी एकटी. हे गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून क्लास लावला होता. त्याच सुमारास घरचा जुना कॉम्प्युटर एक्स्चेंजमध्ये देऊन मी लॅपटॉप घेतला, पण त्याआधी आमच्या फोटोंचा फोल्डर स्वतः पेनड्राइव्हवर कॉपी केला. इतक्या वर्षांचे फोटो क्षणात कॉपी झाले, तेव्हा स्वतःवरच खूश झाले होते. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मोठ्या हौसेने तो लावला, तर शिकवणारी मुलगी वाकून बघत म्हणाली, "काकू, ह्यात फोटो नाहीयेत हो. कोपऱ्यात बाण दिसतोय ना? हा नुसता शॉर्टकट आहे. फोल्डर कुठे ठेवलाय, तेवढंच ह्याला माहीत असतं." मी तिथूनच दुकानात फोन लावला. "वो तो कल ही फॉरमॅट कर दिया, आंटी," दुकानदार म्हणाला. मला शोधाशोध करावी लागू नये म्हणून तो शॉर्टकट ह्यांनीच डेस्कटॉपवर करून दिला होता. मुलं वहीत शॉर्टकटची व्याख्या उतरवून घेत होती, मीही उतरवली. आज पेनड्राइव्ह पुन्हा लावून पाहिला. 'आम्ही दोघं', बाणासकट. नाव वाचलं आणि क्लिक न करताच काढून ठेवला.