कवळी पर्समधी हुती

शाळा बघत हिंडलं की किस्से कसे, धोतराला कुसळं चिकटावी तसे चिकटत्यात. घरी येऊन एकेक उपटत बसावं, तर दोन आनखी टोचत्यात. मी सोता तिसरीत शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं म्हना. पन औंदा नातीपायी नगरात तीन शाळांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी शाळा मिळाली. कशी मिळाली ते कट्ट्यावर सांगतो, तर एक म्हातारा खरं मानंना. कारन सांगनारा मी.

आदी घरचं सांगतो. पोराला एमआयडीसीत काम लागलं, म्हनून आमी मिरजगाव सोडून नगरच्या एका नव्या कॉलनीत भाड्यानं आलो. पोरगा, सूनबाई, मी आन नात तनू, सहा वर्सांची. गावाकडं ही पोरगी कोंबड्यांसंगट भांडायची. हितं आली आन तोंडच मिटलं. घरात जरा कुजबुजायची, पन परका मानूस दिसला की दगूड. आन शाळावाले पयलं काय इचारनार? नाव काय बाळा?

सूनबाई म्हनली, "जूनपतूर शाळा न्हाई मिळाली, तर मी तनूला घेऊन मिरजगावला जाते. तुमी बापलेक ऱ्हावा हितं भाकऱ्या थापत."

माझ्या भाकरीला कुत्रं तोंड लावत न्हाई. आन तनूबिगर मला घर खायला उठनार. मामला शिरेस हुता.

*

पयला किस्सा माझाच, जुना. तो सांगितल्याशिवाय शेवटचा कळायचा न्हाई.

आमच्या वर्गातली लई पोरं दिवाळी झाली की आईबापासंगट ऊस तोडाया जायची. बाकं रिकामी. गुरुजी हजेरी घेताना डोकं वर करत नसत. मग मी आवाज बदलून एकेकाचं "हजर" म्हनायचो. कुनाचं नाकातलं, कुनाचं घोगरं, कुनाचं झोपंतलं. एक दिस तपासनीला साहेब आले. रजिस्टरात तीस हजर, बाकावर एकोनीस. गुरुजींनी मला उभं केलं. म्हनलं, आता छडी. गुरुजी म्हनले, "बारा जनांची हजेरी तू दिलीस. तुझी कुनी दिली?"

सगळ्यांच्या गडबडीत माझंच ऱ्हायलं हुतं. रजिस्टरात मीच गैरहजर!

त्या बारातला एक बबन. त्या वर्साला ऊस सरला, गाड्या माघारी आल्या, बबन आला न्हाई. फडातच त्याला पान लागलं, सापाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी सवयीनं नाव घेतलं, आन मी सवयीनं त्याच्या आवाजात "हजर" म्हनलो. कुनी हसलं न्हाई. गुरुजींनी मारलंबी न्हाई. तवापासनं मी दुसऱ्याचं हजर म्हनलो न्हाई. बाकी सगळ्या खोड्या केल्या, ही एक सोडून. एवढं ध्यानात ठेवा.

*

नगरातली पयली शाळा काचंची. काच इतकी पुसलेली की मी दार समजून दोनदा धडकलो. माडमनी तनूला नाव इचारलं. इंग्रजीत इचारलं, मराठीत इचारलं, मग चॉकलेट दाखवून इचारलं. तनू गप. माडम कागदावर कायतरी खरडाया लागल्या. म्हनलं, आता आपनच कायतरी केलं पायजे.

"माडम, पोरीचा दोस न्हाई. हितं आदी मसनवटा हुता. लेकरांना कळतं."

निव्वळ थाप. त्या भागात मी जल्मात पाय ठेवला नव्हता. माडम हसल्या, पन टेबलाखाली पाय जवळ घेतले. तनूला नको म्हनाल्या ते म्हनाल्याच.

भाईर पडलो, तर म्हातारा वॉचमन मागनं पळत आला. हळूच म्हनला, "बाबा, तुमाला कुनी सांगितलं? आमी तीन वर्सं दाबून ठेवलंय."

तवापासनं सूनबाईनं कायदाच केला. शाळंचं गेट आलं की हात पुढं, "आबा, कवळी काढा." माझी दातांची कवळी रुमालात गुंडाळून तिच्या पर्समधी. कवळीबिगर माझं बोलनं म्हंजे फुटक्या सायकलच्या पंपातली हवा. चहा मागितला तर लोक पानी आनून देत्यात.

*

दुसऱ्या शाळेची परार्थना लांबनंच ऐकू आली. शंभरेक पोरं एका सुरात. सूनबाई खूश झाली. आत गेलो, तर दहा-बारा पोरं हात जोडून उभी, आन सगळ्यांची तोंडं बंद. आवाज कर्ण्यातनं.

सर म्हनले, "जुन्या बॅचचं रेकॉर्डिंग हाय. आता पोरं कमी झाली, पन कॉलनीत आवाज भरून गेला पायजे."

परार्थनेत मधीच एक बारकं पोरगं खोकलं, कर्ण्यात. तशी समोरच्या सगळ्या पोरांनी तोंडावर हात धरला. कुनी शिकवलं नव्हतं म्हनं. रोज तिथं खोकला येतो, रोज हात जात्यात.

सूनबाई म्हनली, "सर, तेवढा खोकला कापून टाका की."

सर म्हनले, "तो पोरगा आता न्हाई. त्याची आई रोज सकाळी ऐकाया येती."

मग सरांनी तनूफुडं माईक धरला, नाव सांग म्हनून. तनू माईककडं बघंना. कंपाउंडकडं बघत हुती. तिथं एक बाई पदर सावरत माघारी निघाली हुती.

"पुढल्या वर्साला आना," सर म्हनले.

*

आता शेखभाईचं. शेखभाई माझा कट्ट्यावरचा दोस्त, एस्टीचा रिटायर कंडक्टर. आमचा कट्टा म्हंजे पान्याच्या टाकीखालचा ओटा, समोर एक बारकी सरकारी शाळा. शेखभाईला मानसं मोजायची खोड जाईना. लग्नात जेवाया बसला तरी पंगत मोजून मगच घास घेतो.

एक दिस कानाला लागून म्हनला, "आबा, त्या शाळेत सकाळी सतरा पोरं चढली. सुटताना अठरा उतरली."

"मग अठराव्याचं तिकीट फाडलं का न्हाईस?"

"हस तू. तीस वर्सं सर्विस केली, मोजनी चुकली न्हाई. चार दिस झाले बघतोय."

पाचव्या दिवशी दोघांनी मिळून मोजलं. आत सतरा गेली, माझीबी सतराच. शाळा सुटल्यावर मला अठरा लागली. परत मोजावं, तर पोरं पांगली. शेखभाईनं इचारलं, "किती?" म्हनलं, "सतरा." जल्मभर गंमत म्हनून खोटं बोललो. त्या दिवशी पयल्यांदा भ्यानं बोललो.

शेखभाईला पटलं न्हाई. उलट त्यानं आनखी सांगितलं. तिथल्या बाईंच्या रजिस्टरात आठ नंबरला एक पोरगी हाय. दोन वर्सांमागं आईबापासंगट उसाला गेली, परत आली न्हाई. बाई दर साली नव्या रजिस्टरात तिचं नाव लिवत्यात. खोडत न्हाईत, आन हजेरीत घेतबी न्हाईत. सातवं नाव झालं की जरा थांबत्यात, मग नववं.

*

मार्च सरत आला. टाकीसमोरच्या त्या सरकारी शाळेबिगर दुसरं दार उरलं नव्हतं. सूनबाईनं घरी बॅगा काढून ठेवल्या हुत्या, तनूची कापडं वर. म्हनली, "ही शेवटची. मग आमची गाडी मिरजगावला." गेटवर हात पुढं आला, मी कवळी दिली.

बाई बऱ्या हुत्या. म्हनल्या, "नाव-बिव ऱ्हाऊ द्या. आज नुसतं बसू द्या पोरांत."

तनू दुसऱ्या रांगंतल्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली. पन मधी न्हाई, पार कडंला. कुनाला तरी जागा सोडावी तशी. मी आन सूनबाई दारात उभे.

बाईंनी हजेरी काढली.

"पाच, ओंकार." "हजर."

"सहा, आलिया." "हजर."

"सात, रोहन." "हजर."

बाई थांबल्या. श्वास घेतला.

"हजर."

बारीक आवाज, सर्दी झाल्यागत. तनूच्या बाकाकडनं आला. पन तनूचं तोंड मिटलेलं, मला दिसत हुतं.

बाईंच्या हातनं पेन पडला. सूनबाई गर्रकन माझ्याकडं वळली. तिला बबनचं ठाव हुतं. दात खाऊन म्हनली, "आबा, हितंबी? पोरीचा शेवटचा चान्स हाय, आन तुमाला खोड्या सुचत्यात?"

मी दोनी हात हालवले. तोंडातनं नुसतं "फ्हाई, फ्हाई" निघालं.

 सूनबाईनं पर्स उघडली. रुमाल सोडला. कवळी हुती. वरचीबी, खालचीबी.

तवर तनू उभी ऱ्हायली. तीन महिन्यांत परक्यासमोर चकार शब्द न काढलेली पोरगी, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी बोलली, "आबा न्हाई म्हनले. ही म्हनली. ही रोज म्हनती, बाईच ऐकत न्हाईत."

सूनबाईनं चौकट धरली.  बाईंनी खाली वाकून पेन उचलला, आठव्या रेघंवर बोट ठेवलं, आन दोन वर्सांत पयल्यांदा ते नाव घेतलं.

"आठ. वैष्णवी."

 मी सोताच्याच तोंडावर हात दाबून धरला. बाई थांबल्या. श्वास घेतला, सोडला. काय आवाज आला न्हाई. बाईंचे डोळे भरले.

तनू शेजारच्या मोकळ्या जागेकडं वाकली, जरा कान दिला, आन बाईंना म्हनली, "आता लाजती ती."