मागच्या बाजूचं बटन

"थांबा. आधी मी."

माजरीच्या कोळसा खाणीत मी हजेरी बाबू होतो, तेव्हा हे तीन शब्द रोज कानावर पडायचे. म्हणणाऱ्याचा डावा पंजा मागच्या माणसाच्या छातीवर टेकलेला असे आणि उजव्या हातातली काठी वर गेलेली असे. काठीनं छत ठोकायचं, मान तिरकी करून ऐकायचं, दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा ठोकायचं. आवाज टणक आला तर जवळच्या खांबावर खडूनं तारीख आणि सही. मग मागं वळून, "या आता."

खाणीत या हुद्द्याला सरदार म्हणतात. पाळीची माणसं आत शिरण्याआधी जागा तपासायची आणि ती धोक्याची नाही असं आपल्या सहीनं सांगायचं, हे त्याचं काम. आम्ही सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो. त्यांचं क्वार्टर माझ्या क्वार्टरला लागून होतं आणि मधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडं फोडणी पडली की मी शिंकायचो.

काही माणसांचा पेशा संध्याकाळी त्यांच्या मागोमाग घरी येतो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भाऊ कोणाच्याही घरात शिरताना दाराच्या चौकटीवर बोटांनी वाजवून बघत. कॉलनीतल्या एका लग्नात त्यांनी वरातीला मांडवाबाहेर पाव तास उभं केलं आणि एकेक बांबू हलवून पाहिला. नवरदेव घामाघूम, बँडवाले वाजवून दमले. भाऊंच्या तोंडावरची माशी हलली नाही. पावसाळ्यात जंगलाकडून सात्या विकायला येत. ती आमच्याकडची रानातली अळिंबी. सगळी कॉलनी चवीनं खायची, पण भाऊंच्या घरी ती दुपारी एकटे भाऊ खात आणि संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहात. आपण जिवंत आहोत याची खात्री पटली की उरलेली भाजी बाकीच्यांना मिळे.

"भाऊ, तोपर्यंत ती आंबून जाते," मी म्हणायचो.

"आंबू द्या जी. मानूस आंबला नाई पाह्यजे."

आम्ही हसायचो. पण एकदा त्यांनी एका ठिकाणी सही करायला नकार दिला. साहेब चिडले, दोन दिवस काम अडलं, लोक कुजबुजायला लागले की म्हातारा भित्रा झालाय. तिसऱ्या दिवशी ते छत बसलं. खाली कोणी नव्हतं. भाऊ त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या अति काळजीला मी हसत होतो, पण जरा जपून.

त्यांना एकच मुलगी, सुजाता. नागपूरला शिकली, नर्स झाली आणि लग्न होऊन अमेरिकेत गेली. विमानतळावर काय तपासायचं ते भाऊंना सुचलं नसावं. मुंबईहून परत आल्यावर ते मला म्हणाले होते, "पह्यल्यांदा तिले माझ्या पुढं जाऊ देल्लं, बाबू."

दर महिन्याला तिचं निळं हवाई पत्र येई. मावशींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, वाचता येत नसे. भाऊ मोठ्यानं वाचून दाखवत आणि मी भिंतीपलीकडून ऐकत असे. मग एका महिन्यात पत्र आलं ते जावयाच्या अक्षरात. बर्फावरून गाडी घसरली, सुजाताच्या उजव्या हाताला लागलंय, काळजीचं कारण नाही, हात बरा होईपर्यंत मीच लिहीन, असं त्यात होतं. भाऊंनी ते मावशींना वाचून दाखवलं, पण अपघात गाळून. मला ते कळलं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पत्र हजेरीच्या खिडकीतून माझ्यासमोर सरकवलं.

"काळजीचं कारन नाई म्हन्ते. मंग लिवलं काऊन?"

पुढची तीन पत्रंही जावयाच्याच हातची. भाऊंचा जीव टांगणीला लागला. हाताला लागलं की तोंडाला लागलं? मुळात पोरगी जिवंत तरी आहे ना, की हे लोक सांगत नाहीत? ते एकदा चंद्रपूरला जाऊन दिवसभर तार ऑफिसात बसले. फोन लागला, तीन मिनिटं खरखर झाली, त्यात कुठंतरी "बाबा" असं ऐकू आलं. परत आले ते जास्तच खचून.

"आवाज तिचाच होता ना?" मी विचारलं.

"आवाजाचं काय खरं, बाबू. डोळ्यानं पाह्यल्याबिगर मी मानत नाई."

आयुष्यभर कानानं छत पारखणारा माणूस लेकीच्या आवाजावर विश्वास ठेवेना. मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं. त्या दिवसांत ते झोपत नव्हते, आणि भिंत पातळ असल्यामुळं मीही.

सुजातानं कोणाच्या तरी हाती नागपूरपर्यंत पाठवलेली व्हिडिओ कॅसेट त्यांना मिळाली, तेव्हा ते ती रुमालात गुंडाळून थेट माझ्याकडं आले. घरी मावशींना सांगितलं होतं, लेकीनं पिक्चर पाठवला, उद्या पाहू. मला म्हणाले, "आधी मी पायतो. मंग तिले."

व्हिडिओचं नवंच वेड आलं होतं. भद्रावतीचा एक व्हिडिओवाला लग्नाबारशाला रंगीत टीव्ही आणि मशीन घेऊन जाई. रविवारी सकाळी त्याला बोलावलं. मावशींना भाऊंनी पलीकडच्या ओळीत कोणाकडं तरी पापड लाटायला धाडलं, खिडकीला घोंगडी लावली, आणि टीव्हीच्या डोक्यावर बोटांनी दोनदा वाजवून समोर बसले.

चित्र आलं आणि पळायला लागलं. खालून वर, खालून वर, थांबायचं नाव नाही. रंग गेलेले, मधोमध एक काळा पट्टा. आवाज मात्र स्वच्छ. "माय, बाबा, जय भीम. मी मजेत आहे." आणि समोर अर्धा चेहरा, त्याच्या खाली केस, त्याच्या खाली पुन्हा अर्धा चेहरा.

भाऊ उठून उभे राहिले. "तोंड मोडलं हाये का तिचं?"

"तोंड नाई हो, चित्र मोडलं," व्हिडिओवाला म्हणाला.

"तुले काय माहीत? हे काय हाये गालावर?"

"पट्टा हाये तो, भाऊ."

पण भाऊंना ते पटण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. कुठं चित्राची मोडतोड संपते आणि कुठं माणसाची सुरू होते, तेच कळत नव्हतं. पाच मिनिटं आम्ही त्या पळणाऱ्या चेहऱ्यात लेकीचे डोळे, कान, हात शोधत होतो. शेवटी मीच मशीन बंद करायला सांगितलं.

व्हिडिओवाल्यानं समजावलं ते असं. कॅसेट अमेरिकेची आणि तिकडची सिस्टीम आपल्याहून वेगळी. त्याचं मशीन दुबईहून आलेलं, ते दोन्हीकडच्या कॅसेटी वाचतं. पण नव्या टीव्हीला तिकडचं चित्र धरता येत नाही आणि त्याला हातानं धरायची सोयही नाही.

"एकांदा जुना डब्बा हाये का? मांगं बटन असलेला? ब्लॅक अँड व्हाईट दिसन, मानसं जराशी बुटकी दिसन. पन दिसन."

असा डबा साऱ्या कॉलनीत एकच होता, आणि तो माझा. बदलून गेलेल्या एका साहेबाकडून घेतलेला, लाकडी पेटीचा. त्यातलं चित्र एरवीही पळायचं, म्हणून माझी भरपूर थट्टा व्हायची. मागच्या बाजूला चित्र थांबवायचं बटन होतं, पण त्याची दांडी झिजलेली. फिरवून धरलं तरच थांबे, सोडलं की पुन्हा पळे. दोघांनी मिळून ती पेटी भाऊंच्या घरी आणली. व्हिडिओवाल्यानं मागचं झाकण काढलं, मला बटन कसं धरायचं ते दाखवलं, आणि कुठल्या वायरला हात लावायचा नाही तेही. भाऊंना मशीनची बटनं दाखवून तो चहाला गेला.

म्हणजे मी टीव्हीच्या मागं, भाऊ टीव्हीच्या पुढं. मला काच दिसत नव्हती, दिसत होते फक्त भाऊ. बटन फिरवता फिरवता मी त्यांच्याकडं बघत होतो. त्यांचे डोळे खालून वर, खालून वर जात होते. मग ते हळू झाले. मग थांबले.

"हाये," ते म्हणाले. "हाये, बाबू. जित्ती हाये."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. सुजाता बोलत होती. बर्फ, शेजारी, नवं घर, तिथं मिळणारी बेचव वांगी. भाऊ मधेमधे मान हलवत होते आणि मला वाटलं, झालं, सुटलो. पण ते तपासनीस होते. थोड्या वेळानं त्यांची मान तिरकी झाली.

"घरातल्या घरात शाल काऊन पांघरली?"

"थंडी असेल, भाऊ."

"डाव्यानंच दाखवून राह्यली सारं."

त्यांनी कॅसेट मागं घेतली, पुन्हा पाहिली. पुन्हा मागं घेतली. माझी बोटं वळायला लागली. तिसऱ्यांदा, सुजाता वांग्याबद्दल बोलून काहीतरी घ्यायला उठली असावी, तेव्हा भाऊ एकदम पुढं वाकले. मग मागं सरकले. मशीन बंद केलं तरी त्यांचं बोट बटनावरच होतं.

"शाल घसरली," ते म्हणाले. "कोपरापासून खाली नाई, बाबू. हात नाई तिले."

तेवढ्यात अंगणातून मावशींचा आवाज आला. पापड आटोपले होते. भाऊंनी घाईनं कॅसेट मागं घेतली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शाल घसराच्या आधी मी खोकलतो. तुमी बटन सोडा. चित्र पळू द्या."

"भाऊ, कधीतरी कळणारच ना."

"कळन. आज नोको. मी सांगतो तिले, सावकाश."

हा तोच माणूस, ज्यानं साहेबासमोर सही न करता खडू खाली ठेवला होता. पण ते बोलून दाखवायला माझ्या अंगात धैर्यही नव्हतं आणि अधिकारही नव्हता. भाऊंनी दार उघडलं. "या आता," ते म्हणाले. "बरी हाये पोरगी."

मावशी पिठाचे हात पदराला पुसत आल्या आणि टीव्हीसमोर जमिनीवरच बसल्या. मी बटन धरलं. त्या हसत होत्या. लेक जाड झाली, केस कापले, असं काहीबाही पुटपुटत होत्या. सुजाता बर्फावर आली, शेजाऱ्यांवर आली, वांग्यांवर आली. भाऊ खोकले. मी बटन सोडलं.

मावशींच्या तोंडावर उजेड लपलप करायला लागला. त्या कुठंही हलल्या नाहीत.

"काऊन जी," त्या भाऊंना म्हणाल्या, "तुमी खोकलले का टीव्ही बिघडते?"

भाऊंनी घशावर हात ठेवून पुन्हा खोकून दाखवलं.

"हात गेला ना तिचा?"

"कोनं सांगतलं?"

"चार महिने झाले, पत्रातलं अक्षर दुसरं हाये. मले वाचता येत नाई. लेकीचं अक्षर त वळखता येते. अन् आज सारं डाव्या हातानंच दाखवते." त्या समोरच बघत होत्या. "तुमी वाचताना घाबरता, म्हून मी इचारलं नाई."

टीव्हीत सुजाता बोलतच होती. मी बटनाजवळ हात तसाच धरून उभा होतो. भाऊंनी मशीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. इतका भ्यालेला माणूस मी खाणीतसुद्धा पाहिला नव्हता.

"बाबू," ते म्हणाले, "धरा ते. मांगं घेतो मी. सारं पाहू द्या तिले."

आणि ते मावशींच्या शेजारी जमिनीवर येऊन बसले.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुजाताला मी त्या कॅसेटमध्ये कधीच पाहिलं नाही. मला दिसले ते हे दोघं. वांग्यांचं बोलणं आलं, मग शाल घसरली असावी, कारण दोघांचीही मान एकदमच खाली गेली आणि पुन्हा वर आली. मावशींनी हात लांब करून काचेवर, त्यांच्या डावीकडं खालच्या बाजूला ठेवला; लेकीचा उजवा हात तिथंच असायला हवा होता. काच बारीक चरचरली.

"करंट लागन," भाऊ म्हणाले.

मावशींनी हात काढला नाही. थोड्या वेळानं भाऊंचाही हात पुढं आला आणि त्यांच्या हाताशेजारी टेकला. माझी बोटं बधिर झाली होती. कॅसेट संपेपर्यंत मी बटन धरून उभा राहिलो.