टोपणावरच्या खुणा

शाळेतली कारकुनी संपून घरी बसलो आणि जुने शाईपेन दुरुस्त करायचा नाद लागला. सुरुवात माझ्याच पेनापासून झाली. या कामाची हत्यारं घाटनांदुरात कुठून मिळणार, म्हणून मीच केली. सायकलच्या स्पोकचं टोक ठोकून चपटं केलं, त्यानं निबेखालच्या जिभलीतली वाळलेली शाई खरवडता येते. निबेच्या चिरेतून फिरवायला एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पट्टी कापली. निब काढायला बाभळीच्या लाकडाचा भोक पाडलेला ठोकळा केला, आणि घट्ट बसलेलं टोपण धरायला ट्यूबचा तुकडा. हळूहळू आसपासच्या गावांतून लोक पेन घेऊन यायला लागले. परत नेताना म्हणायचे, "नव्यावानी झाला की!" हे ऐकायची मला चटक लागली होती.

मागच्या दिवाळीनंतर एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, हातात कापडाची पिशवी. शेजारच्या गावाहून जीपनं आल्या होत्या. अंगणातूनच त्यांनी विचारलं, "पेन नीट करणारे गुरुजी हेच का?"

मी गुरुजी नव्हतो, पण शाळेत राहून ती हाक अंगवळणी पडली होती. त्यांना आत बोलावलं. त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून पेन.

"मालकांचा हाय. ते जाऊन तीन वरीस झाले. आता शाई गळती, लिवायला गेलं की उमटत न्हाई. येवढा चालता करून द्या. दुसरं काई नको."

पेन एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, ड्रॉपरनं शाई भरायचा. मूळचा काळा, पण उन्हातान्हानं तपकिरी पडलेला. टोपणाच्या वरच्या अंगाला बारीक बारीक खड्डे होते. उंदरानं कुरतडलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यांना विचारलं नाही. आठ दिवसांनी या म्हणालो.

पेन चालता करायला एक दुपार पुरली. जिभली साफ झाली, निब सरळ बसली, आट्यांना जरासं व्हॅसलिन लावल्यावर गळतीही थांबली. बाईंनी सांगितलेलं काम तिथं संपलं होतं. पण ते टोपण माझ्या डोळ्यांत खुपत राहिलं. असा पेन माझ्या हातून कसा जाऊ द्यायचा? मी पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि घासायला बसलो. दोन दिवस घासत होतो. काळं पाणी मोरीतून वाहून जात होतं.

बायको चहा घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली. "त्यांनी सांगितलंय का हे एवढं?"

"सांगायला कशाला पाहिजे? खूश होतील बघ."

आठव्या दिवशी बाई आल्या. मी कागदावर दोन ओळी लिहून दाखवल्या. त्यांनी मान डोलावली आणि पेन हातात घेतला. अंगठा टोपणावर फिरवला, पेन वळवून अंगठा पुन्हा फिरवला, मग पेन उजेडात धरला.

"गुरुजी, टोपण दुसरं बसवलं का?"

"नाही हो, तेच आहे. उंदरानं कुरतडलं होतं ना, घासून गुळगुळीत केलं."

त्यांनी पेन खाली घेतला. मग हळूच म्हणाल्या, "उंदीर न्हाई वो. त्यांचे दात व्हते ते."

मग त्यांनी सांगितलं. नवरा-बायको दोघं कितीतरी वर्षं ऊसतोडीला जात होती. टोळीत लिहिता येणारे हे एकटेच, सातवी शिकलेले. संध्याकाळी मोळ्या टाकून कोपीवर, फडाजवळच्या झोपडीवर, आलं की बाया-माणसं पोस्टकार्ड घेऊन भोवती बसत. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कार्ड, एका हातानं कार्ड दाबून धरायचं, दुसऱ्या हातात पेन. टोपण पेनामागं बसायचं नाही, ठेवायला जागा नाही, म्हणून ते दातांत. सगळ्यांची पत्रं संपेपर्यंत तसंच.

"मी म्हणायची, गिळताल एखाद्या दिवशी," बाई म्हणाल्या आणि थोडं हसल्या.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"तुमाला काय ठावं? काम चांगलंच केलंय की तुमी." त्यांनी पेन रुमालात गुंडाळला, बायकोनं दिलेलं पाणी घेतलं आणि जीप गाठायला निघून गेल्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. महिनाभर मी एकही पेन उघडला नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "जाऊन तरी या एकदा." गेलो. बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. सून अंगणवाडीत सेविका होती, आता तीच तो पेन वापरत होती. "लई भारी चालतोय," ती आतूनच म्हणाली.

मी येताना मनाशी एक ठरवून आलो होतो. यजमानांच्या हातचं एखादं पत्र घरात असेल, तर काच लावून नीट चौकट करून द्यावी. तसं विचारलं.

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मला कशाला लिवतील पत्र? आमी कायम संगंच व्हतो की."

माझ्या ध्यानात हे आलंच नव्हतं. सगळ्या टोळीची पत्रं त्या माणसानं लिहिली, पण स्वतःच्या बायकोला लिहायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

त्याच गावात टोळीतल्या दोन-तीन घरी जाऊन, त्याच्या हातचं एखादं कार्ड उरलंय का, अशी मी चौकशी केली. कुणाकडं काही नव्हतं. एका म्हाताऱ्याला आपल्या पत्रातला मजकूर अजून तोंडपाठ होता: बैल आजारी पडलाय, तिखट पाठवून द्या, पोरीला शाळेतून काढू नका. "अक्षर लई झ्याक व्हतं त्याचं," तो म्हणाला. "पर कारड कोण ठिवतंय, गुरुजी? चुलीत गेलं आसंल." परतताना मी पुन्हा बाईंकडं गेलो नाही. सांगण्यासारखं काहीच हाती नव्हतं.

आता पेन आला की मी आधी विचारतो, हा कुणाचा, कोण वापरायचं, हा ओरखडा कशाचा. लोकांना घाई असते. काहींना वाटतं, म्हातारा रिकामा आहे, गप्पा मारतोय. पॉलिश करून द्या म्हणाले तर दोनदा विचारून खात्री करतो. तरी पेपर हातात घेतला की मोरीतून वाहून गेलेलं ते काळं पाणी आठवतं, आणि बऱ्याचदा मी तो तसाच खाली ठेवतो.